दक्षिण साताऱ्यातली वाटणी

मी साताऱ्याचा, माझी सासुरवाडी सांगलीची. ‘सांगली जिल्हा’ ही पाटी 1960 सालची आहे. त्याआधी 1949 मध्ये सातारा जिल्हा मधोमध चिरला तेव्हा वरचा तो उत्तर सातारा आणि खालचा तो दक्षिण सातारा झाला. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर आमच्या अंगचे काढून दिले, संस्थानं खालसा होऊन आलेली मिरज आणि जत त्यांना जोडली आणि एक जिल्हा उभा राहिला. ही माहिती मी पहिल्या दिवाळसणाला, भर पंगतीत, “म्हणजे तसे तुम्ही आमचेच” अशा प्रेमळ समारोपासह दिली होती. सासूबाई वाढता वाढता थांबल्या.

सासरे, म्हणजे आण्णा, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधांवर गेलेला. त्यांनी शांतपणे आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, “सातारा आणि कोल्हापूर एकाच घरची, 1731 ला वारणेच्या तहात वेगळी निघाली. सांगली तर मिरजेतनं फुटलेली. 1801 ला चिंतामणराव आप्पासाहेब चुलत्याशी बिनसलं म्हणून गणपती उचलून बाहेर पडले आणि इथं येऊन बसले. जावईबापू, वाटणीतलं आम्हाला नका सांगू. जिलबी घ्या.”

त्या दिवसापासून वाटणीचा विषय मी सांगलीत काढलेला नाही. तो आण्णांच्या लॅपटॉपने काढला.

झालं असं की 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा अधिकृत आधार संपला आणि आण्णांचा लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसेना. तो विंडोज 7 च्या काळातला, मधे एकदा 10 वर चढवलेला. बाकी तब्येत ठणठणीत. मी म्हटलं, लिनक्स मिंट घालू. फुकट आहे, मोकळं आहे, जुन्या मशिनवर पळतं. आण्णांनी ‘फुकट’ या शब्दाकडे संशयाने पाहिलं आणि अट घातली: जुनं हलवायचं नाही. कारण सी ड्राइव्हमध्ये मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्ट्यांचा सगळा हिशेब होता, आणि सांगलीच्या माणसाची हळदीची पट्टी म्हणजे चेष्टा नव्हे. नवीन यायचं असेल तर त्याने शेजारी राहावं.

सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. आण्णांनी ती उघडून, चार-दोन पट्ट्या वाचून खात्री केली, मग कामाला परवानगी मिळाली.

पहिलं काम विंडोजला सरकवण्याचं. डिस्क 500 जीबीची, भरलेली निम्मीसुद्धा नाही. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकसायला सांगितलं तर विंडोज अगदी थोडीच जागा सोडायला तयार. याचं कारण असं की त्याच्या काही फायली जागच्या हलत नाहीत. पेजफाइल, झोपताना लिहून ठेवायची हायबरनेशनची फाइल आणि सगळ्या फायलींची नोंदवही असते ती एमएफटी. ही मंडळी डिस्कच्या मध्यावर बसली असली की त्यांच्यापलीकडची जागा रिकामी असूनही सुटत नाही.

“विहीर मधे आली,” आण्णा म्हणाले.

पेजफाइल बंद केली, हायबरनेशन बंद केलं, रिस्टोअर पॉइंट पुसले, मशीन पुन्हा चालू केलं. विहीर सरकली. दीडशे जीबीचा काळा पट्टा पडद्यावर मोकळा दिसू लागला. आता विंडोजमध्येच त्यावर नवा हिस्सा पाडून ठेवावा म्हणून बटण दाबलं, तर एक लांबलचक सूचना आली: असं केल्यास ही डिस्क ‘डायनॅमिक’ होईल. पुढे होय आणि नाही. डायनॅमिक म्हणजे काहीतरी चपळ, प्रगतिशील असणार असं कोणालाही वाटेल, आणि हीच गोम आहे. डायनॅमिक डिस्क ही विंडोजची खासगी मांडणी. ती केली की लिनक्सच्या इन्स्टॉलरची पंचाईत होते आणि डेटा जागेवर ठेवून मागे फिरणं विंडोजमधून सरळपणे होत नाही. आण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. “न वाचता अंगठा द्यायचा नाही,” एवढंच म्हणून त्यांनी मला ‘नाही’ दाबायला लावलं.

मग पेनड्राइव्हवरून मिंट उठवलं आणि इन्स्टॉलरची विभागणीची खिडकी उघडली. आमचा दीडशे जीबीचा पट्टा तिथे होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: ‘अनयूजेबल’. निरुपयोगी. अधिकचं बटण करडं पडलेलं, कितीही दाबा.

असं पाहिल्यावर माणूस डिस्क खराब झाली असं समजतो. डिस्कला काही झालेलं नसतं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला सेक्टर, 512 बाइटचा, तो एमबीआर. त्यात मशीन उठवायचा मजकूर 446 बाइटचा, शेवटी सहीशिक्का दोन बाइटचा, आणि मधल्या 64 बाइटमध्ये अख्ख्या डिस्कचा उतारा. एका नोंदीला 16 बाइट लागतात. म्हणजे नोंदी चार. हे 1983 मध्ये पीसी डॉस 2.0 बरोबर ठरलं, तेव्हा 10 एमबीची हार्ड डिस्क म्हणजे श्रीमंती होती. तिचे चारापेक्षा जास्त तुकडे कोण कशाला करेल?

मी हे सांगत असताना आण्णा खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले होते. त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे जमीन आहे, पण उताऱ्यावर नाव लावायला ओळ नाही!”

अगदी तेच. चार ओळी चौघांनी अडवल्या होत्या. पहिला शंभर एमबीचा ‘सिस्टिम रिझर्व्हड’, त्याच्यावाचून विंडोज उठत नाही. दुसरा खुद्द सी. तिसरा रिकव्हरी. चौथा, डिस्कच्या शेवटच्या टोकाला, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या तपासणी प्रोग्रॅमसाठी राखलेला इवलासा तुकडा.

“ह्याचा कब्जा कोणाचा?” आण्णांनी चौथ्यावर बोट ठेवलं.

“कंपनीचा.”

“वहिवाट?”

उघडून पाहिलं. खरेदीच्या दिवसानंतर तिथे कोणी फिरकलं नव्हतं. आतलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि जीपार्टेडमध्ये तो हिस्सा पुसला. ओळ मोकळी झाली. त्या एका ओळीत नुसता एक साधा हिस्सा बसवायचा नाही, तिथे ‘एक्स्टेंडेड’ पाडायचा. मग त्याच्या पोटात हवे तितके लॉजिकल हिस्से निघतात. आण्णांना हे ऐकून जो आनंद झाला तो मी माझ्या पगारवाढीच्या बातमीने त्यांना देऊ शकलो नव्हतो. “पोटहिस्सा!” ते म्हणाले आणि आतून वही-पेन्सिल घेऊन आले.

पुढे मोजणी रीतसर झाली. एक्स्टेंडेडचा नंबर चार, पण त्यातल्या पहिल्या लॉजिकलचा पाच, कारण एक ते चार हे नंबर लिनक्स मूळ हिस्सेदारांसाठी राखून ठेवतं. हे आण्णांना फार पटलं. अडलं ते डिस्कच्या टोकाला. कंपनीचा पुसलेला तुकडा तिथे रिकामा राहिला आणि मधे रिकव्हरी आडवी असल्यामुळे तो आमच्या पट्ट्याला जोडता येईना. रिकव्हरी उचलून पलीकडे ठेवता येते, पण एवढ्याशा जागेसाठी ती जोखीम कोणी शहाणा घेत नाही. आण्णा शहाणे असूनही अस्वस्थ होते. गुंठाभर जमिनीसाठी कोर्टात म्हातारी झालेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. अखेर वहीत ‘पोटखराबा’ अशी नोंद करून त्यांनी तो प्रश्न निकाली काढला.

नव्या मशिनवर हे रामायण घडत नाही, हेही सांगायला हवं. तिथे एमबीआरच्या जागी जीपीटी ही नवी मांडणी असते. विंडोज तिच्यावर 128 हिस्से ठेवतं आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. आण्णांना ही सोय जरा चैनीची वाटली. एकशे अठ्ठावीस हिस्सेदार म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मी समजू शकतो.

मिंट बसलं. मशीन उठताना ग्रबची यादी आली: वर लिनक्स मिंट, सगळ्यात खाली विंडोज. आण्णांनी हरकत घेतली. मूळ मालक खाली आणि काल आलेला वर? ग्रबच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलून मशीन आपोआप विंडोजमध्येच उठेल असं केलं, तेव्हा कुठे ते निवले. रात्री त्यांनी वहीत हार्ड डिस्कचा नकाशा काढला, चतुःसीमेसह: पूर्वेस विंडोज, पश्चिमेस रिकव्हरी. मिंटच्या रकान्यात ‘जावई’ आणि विंडोजच्या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहून ते माझ्यापुढे सहीला धरलं.

बायको मागून वाकून पाहत होती. “आण्णा, यात माझं नाव कुठाय?”

“तुझं कशाला? तुझे फोटो आहेत की सी मध्ये.”

“मुलीला वडिलोपार्जितात समान हिस्सा आहे. महाराष्ट्रात 1994 पासून, देशात 2005 पासून. तुम्हीच गावच्या लोकांना सांगत होता.”

आण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पेन्सिलीला टोक केलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तो पोटहिस्सा अजून एक पडतो म्हणाला होता ना? तुमच्यातनं पाडा.”