बॉडी मिळाली!

आत्याला भिंतीवरचा फोटो हवा होता. हार घालायचा. काका गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपफोटोतून त्यांना कापून काढलं. त्यामुळे गेली अकरा वर्षं काकांच्या डाव्या खांद्यावर एका अनोळखी बाईचा हात आहे. आत्या रोज त्या हातासकट हार घालते. "माझ्या वेळी असला घोळ नको," म्हणून तिने मला आधीच कामाला लावलं.

मोबाइलवर काढला असता तर पाच मिनिटांत सुटलो असतो. पण मी तिला नाकाचं शास्त्र सांगत बसलो. ५० मिलिमीटरच्या लेन्सने चेहरा चौकटभर घ्यायचा तर कॅमेरा तोंडाशी न्यावा लागतो, आणि इतक्या जवळून नाक कानांच्या मानाने फुगतं. (आमच्या घराण्यातल्या नाकांना बाहेरच्या मदतीची गरज नाही.) १३५ घेतली तर आत्याच्या दहा बाय दहाच्या खोलीतून कपाट, पलंग ओलांडत मी जिन्यात पोचणार. राहिल्या ८५ आणि १०५. यांचे भक्त एका पंगतीला बसत नाहीत. मी १०५वाला, कारण स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो निकॉनच्या १०५ एफ २.५ लेन्सने. आत्या घाऱ्या डोळ्यांची आहे. मला एवढा पुरावा पुरला.

एका बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, पितळी बंब आणि स्टोव्हच्या पिना यांच्यामध्ये, तीच लेन्स दिसली. नाल सापडली होती. घोडाही घरचाच होता, मामेभावाने कपाटात टाकलेला निकॉनचा एफएम२ कॅमेरा. निकॉनने १९५९पासून लेन्स बसवायचा एफ माउंट बदललेला नाही, हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलोय. ते खरंच आहे. फक्त १९७७ साली त्यांनी ॲपर्चरच्या रिंगचा काठ जरासा कोरला. त्याआधीची लेन्स एफएम२वर जोर लावून बसवली, तर न कोरलेला काठ बॉडीवरच्या चिमुकल्या खटक्याला भिडतो आणि खटका मोडतो. माझी लेन्स अर्थातच त्याआधीची. काही धीराचे लोक कानस घेऊन तो काठ घासतात. मला पेन्सिलसुद्धा नीट तासता येत नाही.

मग मी पंगत बदलली आणि ज्युपिटर-९ आणली. ८५ मिलिमीटर, एफ २, सोव्हिएत अवलाद, आट्यांची. मध्ये अडॅप्टर घालून ती एफएम२वर बसली. पण आट्यांच्या लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायची सवय, आणि निकॉनचं बस्तान ४६.५वर. या एका मिलिमीटरपायी तिला लांबचं दिसेनासं झालं.

"आत्या, यातून अनंत दिसणार नाही."

"मला कुठे घाई आहे?"

फोटो तेव्हाच काढायला हवा होता. आत्या खुर्चीत, खुर्ची चार पावलांवर. तिथे अनंताचं काय काम? पण लेन्सला लांबचं दिसत नाही हे कळल्यावर मला जवळचंही सुचेना.

उपाय एकच होता. एफएम२च्या आधीचा एफएम घ्यायचा. त्यातला खटका वर उचलून ठेवता येतो, म्हणून जुन्या लेन्सही बसतात. मुंबईच्या बोरा बाजारात चौकशी सुरू केली. आत्याच्या वाड्यात रेंज फक्त गॅलरीत येते, तेव्हा बोलणं तिथेच चालायचं.

"बॉडी कधी मिळेल?... काळी असली तरी चालेल... वास येतोय? आतला स्पंज कुजला असेल हो, या वयात होतंच... नाही, उघडून बघू नका, मी आल्यावर बघू... बरं, कापडात नीट गुंडाळून ठेवा. मी उद्या ताब्यात घेतो."

शनिवारी बॉडी आणली. रविवारी सकाळी नऊला खिडकीतून छान मऊ उजेड येत होता. आत्या ठेवणीतलं नऊवार नेसून, दाराकडे तोंड करून, ताठ बसली. मी खटका वर केला, ॲपर्चर मिटवून मीटर पाहिला, १/१२५ लावला, डोळ्यांवर फोकस घेतला. एवढ्यात तळमजल्यावरचे आप्पा दारात उभे. हातात झेंडूचा हार, मागे पडलेल्या चेहऱ्याची आणखी दोन माणसं.

खुर्चीतून आत्या म्हणाली, "या आप्पा. हार कुणाला?"

आप्पांनी हार पाठीमागे लपवला. तो मागच्या माणसाच्या चष्म्यात अडकला. आत्याला उलगडा व्हायला दोन सेकंद लागले. मग ती जी हसली, ती कवळी सांभाळत, पदर डोळ्यांना लावत, खुर्चीसकट हलत हसली. मी बटण दाबलं.

आठ दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. नाक नाकाएवढंच, डोळे घारे, मागची भिंत विरघळलेली. आत्याने तो काकांच्या फोटोशेजारी धरून पाहिला, मग हात लांब करून पाहिला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "पण यात मी फारच जिवंत दिसत्ये रे. याला हार शोभायचा नाही. दुसरा काढ."