पडदाभर लोकशाही

मतमोजणीच्या दिवशी आपल्या वृत्तवाहिन्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. आकडा एकच, पण तो खालच्या पट्टीत, उजव्या रकान्यात, अँकरच्या पाठीमागच्या व्हिडिओ वॉलवर आणि हाताखालच्या टचस्क्रीनवर एकाच वेळी झळकतो. पट्टीसाठी ग्राफिक्सच्या यंत्रातून दोन सिग्नल निघतात. ‘फिल’ म्हणजे चित्र, आणि ‘की’ म्हणजे त्यातले काय दाखवायचे, काय झाकायचे याचा हुकूम.

या व्यवस्थेत नंदुरबारचा मान मोठा. राज्यातला लोकसभा मतदारसंघ क्रमांक १ नंदुरबार, विधानसभा मतदारसंघ क्रमांक १ अक्कलकुवा. यादी क्रमाने सरकू लागली की पहिले नाव या जिल्ह्याचेच येते, आणि प्रेक्षकाला चष्मा सापडेपर्यंत निघूनही जाते. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांत मतदान पथक बोटीने जाते. तिथल्या मताला पडद्यावर निमिषभर जागा मिळावी, ही चैनच म्हणायची. नकाशात तर हा जिल्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात. काही वाहिन्यांनी नेमका तिथेच लोगो ठेवून त्याला कायमचे छत्र दिले आहे.

एकच आकडा चार ठिकाणी झळकवण्याची ही पद्धत आणखी पुढे न्यावी, अशी नम्र सूचना. पाचवा आउटपुट तोरणमाळच्या घाटात द्यावा, सहावा धडगावच्या बाजारात, सातवा थेट बोटीवर. वीज, रस्ता, रेंज या किरकोळ बाबी मागाहून पाहता येतील. फिल जिल्ह्याने पुरवावे. की मुंबईतच असू द्यावी.

एक त्रुटी मात्र राहिली आहे. पडद्यावर अजून तळहाताएवढी जागा रिकामी दिसते. तिथे बातमी शिरण्याआधी एखादी जाहिरात लावून टाकावी.