थकबाकीदार कोणीच नाही

संगणकाला प्रश्न विचारला की उत्तर मिळते, अशी आमच्या सोसायटीच्या खजिनदारांची दृढ श्रद्धा आहे. माझा अनुभव असा की, उत्तर मिळते ते लिहिलेल्या प्रश्नाचे, मनातल्या प्रश्नाचे नव्हे. एडगर कॉड नामक विद्वानाने १९७० साली सारी माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली, पुढे चारच वर्षांत चेंबरलिन व बॉइस यांनी त्या तक्त्यांना हुकूम सोडण्याची भाषा जाहीर केली, आणि तेव्हापासून डेटाबेस जुन्या कचेरीतल्या शिरस्तेदाराच्या इमानाने नोकरी बजावीत आहे. 'ऑर्डर बाय' लिहिले नाही, तर नोंदी कोणत्या क्रमाने येतील याची तो हमी देत नाही. काल फ्लॅटच्या क्रमाने आल्या होत्या, ही सबब त्याच्यापुढे चालत नाही. 'लाइक'पुढे '%कर' लिहून आडनावे मागवली, तर हाताशी असलेला साधा इंडेक्स बहुधा निरुपयोगी ठरून सारे दफ्तर चाळले जाते.

परंतु त्याचे खरे पांडित्य प्रकट होते ते 'नल'च्या बाबतीत. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'ठाऊक नाही', आणि एक नल दुसऱ्या नलाइतका आहे काय, या पृच्छेलाही उत्तर तेच. वार्षिक सभेपूर्वी खजिनदारांनी 'नॉट इन' योजून, ज्यांचे क्रमांक पावत्यांच्या तक्त्यात नाहीत अशा सभासदांची यादी मागवली. त्या तक्त्यात, लग्नासाठी सभागृह भाड्याने घेणाऱ्या एका बाहेरच्या गृहस्थांची पावती होती आणि तीत सभासद क्रमांकाचा रकाना साहजिकच नल होता. हा अज्ञात क्रमांक आपल्या थकबाकीदाराचाच नसेल कशावरून, असा सूक्ष्म विचार करून यंत्राने प्रत्येक बुडव्याला संशयाचा फायदा दिला. 'व्हेअर'च्या दारातून केवळ निःसंशय सत्यालाच प्रवेश असल्यामुळे यादीत एकही ओळ आली नाही. खजिनदारांनी भर सभेत शंभर टक्के वसुलीबद्दल सर्वांचे अभिनंदन केले, आणि पहिली टाळी वाजवली ती चार वर्षे पैसे न भरलेल्या गृहस्थांनी.

तोच प्रश्न 'नॉट एक्झिस्ट्स'ने विचारला असता, किंवा पावत्या 'लेफ्ट जॉइन'ने जोडून जोडीदार न मिळालेल्या सभासदांच्या ओळी वेचल्या असत्या, तर नावे बिनबोभाट हजर झाली असती. वाचकांत कोणी खजिनदार असल्यास, 'नॉट इन'चाच आग्रह असेल तर त्यांनी आतल्या यादीला 'इज नॉट नल'ची अट घालावी, आणि अभिनंदनाचा ठराव निदान पुढल्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा.