पुनश्च हरिओम, बिनसाखरेचा

प्रस्तुत मार्गदर्शन नवशिक्यांसाठी नाही. ज्यांनी एकदा अकरा किलो घटवले, पँट्स कंबरेत आवळून घेतल्या, सोसायटीतल्या चार जणांना आहारावर व्याख्याने दिली आणि पुढच्या दीड वर्षात तेरा किलो परत कमावले, अशा मुरलेल्या साधकांसाठी ते आहे. (वरचे दोन किलो हे व्याज.) पँट आवळताना शिंप्याने आतले कापड कापून टाकले नसेल, तर तो द्रष्टा माणूस समजावा. माझ्या शिंप्याने कापले नव्हते. "राहू दे साहेब, लागतं," एवढेच म्हणाला होता.

प्रथम मुहूर्त. पंचांग उघडावे आणि गोडाचा सण नसलेला सलग महिना शोधावा. सापडणार नाही. श्रावणात उपवास, त्यामागून गणपती, गौरी, पितृपक्षातली खीर, दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचे लग्न. तिथून संक्रांत हाकेच्या अंतरावर. मग होळीची पोळी, पाडव्याचे श्रीखंड आणि लगेच आंबा. आंबा संपल्यावर आषाढीपर्यंत थोडे दिवस मिळतात, पण ते पावसाचे, म्हणजे भज्यांचे. सबब एखाद्या बिनचेहऱ्याच्या मंगळवारी, दुपारी चारच्या चहात साखर न घालता, गुपचूप सुरुवात करावी. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा. मागच्या वेळी मी जाहीर केले होते. परत आलेले प्रत्येक किलो मग लोकांनीच मोजले.

आता शत्रूची ओळख. शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव 'पिष्टमय पदार्थ' होते आणि त्यांपासून ऊर्जा मिळते असे लिहिल्याबद्दल गुणही मिळत. कडक लो-कार्बवाले दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांत भागवतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत १५ ते २० ग्रॅम निघतात. हिशेब स्वतः करावा, पण जेवणापूर्वी करू नये. "पण भाकरी चालते ना?" हा प्रश्न तुम्हाला आठवड्यातून तीनदा विचारला जाईल, त्यांपैकी दोनदा तुम्हीच विचाराल. ज्वारीच्या पिठात कर्बोदके साधारण गव्हाइतकीच असतात. साबुदाणा हा तर जवळपास निखळ स्टार्च. तो उपवासाला का चालतो हे देवालाच ठाऊक. आणि गूळ हा साखरेचा गावाकडचा चुलतभाऊ आहे. कपडे साधे, घराणे तेच.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी एकदम बंद करू नये. औषध तेवढेच राहिले आणि कर्बोदके घटली, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. या परिच्छेदात विनोद नाही.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येईल. हुरळू नये. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठवते आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा संपला की पाणी जाते. गेले ते पाणी, चरबी अजून घरातच आहे, आणि एका लग्नाच्या पंगतीत ते पाणी सहकुटुंब परत येते.

या पंथाचे एक मूळपुरुष विल्यम बँटिंग, राहणार लंडन. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. स्थूलपणामुळे त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटा उतरावा लागे. डॉक्टर विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली, बारीक झाले आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका छापली. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही त्यांच्याच नावावरून आलेले क्रियापद वापरतात. थोर माणूस. पण एक सोय त्यांना होती जी आपल्याला नाही: त्यांच्या धंद्यात कोणी पेढे वाटत नसे.

तेल-तूप सोडावे की भात-पोळी, या वादात शिरू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांना दोन गटांत विभागून वर्षभर दोन्ही करून पाहिले; २०१८ साली निष्कर्ष आला तो असा की, सरासरी घट दोन्हीकडे पाच-सहा किलोंची, फरक नगण्य. मात्र दोन्ही गटांत काही जण वीस किलोंहून जास्त उतरले आणि काहींचे वजन चक्क वाढले. या शेवटच्या मंडळींशी पत्रव्यवहार करण्याची माझी इच्छा आहे.

खरी लढाई विज्ञानाची नाहीच, ती शिष्टाचाराची आहे. आपल्याकडे गोड हा पदार्थ कमी आणि निमित्त जास्त. बातमी गोड असते, गळा गोड असतो, शेवट गोड करायचा असतो. लग्न ठरले की जो विधी होतो त्याचे नावच साखरपुडा. अशा समाजात 'नको' म्हणणे म्हणजे समोरच्याच्या मुलाच्या पास होण्यावर आक्षेप घेणे होय.

तरी नकाराच्या काही पद्धती मी वापरून पाहिल्या. "पोट बिघडलंय" म्हणालो, तर दहीभात आला. "उपवास आहे" म्हणालो, तर साबुदाण्याची खिचडी आली, वर बटाटा. "शुगर आहे" म्हणालो, तर काकूंनी कारल्याच्या रसाची कृती सांगितली आणि ती ऐकून संपेपर्यंत हातात लाडू ठेवला. "बेसनाचा आहे रे, बेसन म्हणजे डाळच." श्रीखंडाबद्दलही असाच युक्तिवाद होतो की, चक्का म्हणजे प्रोटीन. त्यात चक्क्याच्या वजनाइतकीच साखर घालतात, हे वाढणाऱ्याला विचारू नये, दुखावतो. त्यातल्या त्यात चालते ते एकच वाक्य: "आत्ताच खाल्ला, फार छान झालाय." यात खोटेपणा आहे, पण कर्बोदके नाहीत.

दिवसाचा शत्रू ओळखीचा असतो. रात्रीचा स्टीलच्या डब्यात राहतो. झाकण घट्ट बसणारे, उघडताना 'टक्' वाजणारे. ते पंचाने दाबून उघडावे, दिवा लावू नये, आणि लाडू अख्खा घेण्याऐवजी फक्त फुटलेला तुकडा घ्यावा. तुकड्याला कॅलरी नसतात. फुटलेला नसेल तर... असो. परवा मी या टप्प्यावर होतो, तेव्हा आतल्या खोलीतून शांत आवाज आला.

"अहो, खालच्या थरातला घ्या. वरचे मोजलेत मी."

पुतणीचा साखरपुडा येत्या रविवारी आहे. ठेवणीतली पँट चढली, पण हुक लागेना, म्हणून काल शिंप्याकडे गेलो. त्याने टेप लावला, खडूने रेघ मारली, शिवण उलटी करून आतले कापड अंगठ्याने चाचपले.

"निघेल दीड इंच," तो म्हणाला, आणि मशिनच्या खणातून एक खोका काढून माझ्यापुढे धरला. "पोरगी बारावी झाली, साहेब."

केशरी होते. मी दोन घेतले.