वल्हं न मारणारा तांडेल

वेळणेश्वरच्या माडाखाली बसून, समोर अख्खा समुद्र असताना, नदीचा बेत आखणारा एक इसम हिवाळ्यात हमखास आढळतो. समुद्र त्याला आडदांड वाटतो. त्याला हवी असते गुणी, संथ नदी. मग वाशिष्ठी मुक्रर होते. गोवळकोटहून होडी सोडायची, वाटेत दोन मुक्काम, तिसऱ्या दिवशी दाभोळ. टोप्यांचा रंग ठरतो, सोलकढीत मिरची किती हेही ठरतं. लोक त्याला वेंधळा म्हणतात, ते साफ चूक. वेंधळेपणा त्याच्यात औषधालाही नाही. त्याचं चुकतं एवढंच, की तो नदीला एसटीचा रस्ता समजतो.

चिपळूणपासून खाली वाशिष्ठी निम्मी समुद्राची असते. भरतीला ती उलटी वाहते आणि साधारण सहा तासांनी पुन्हा सुलटी. त्यामुळे ‘नऊ ते बारा, चौदा किलोमीटर’ हा त्याच्या तक्त्यातला आकडा ओहोटीला खरा ठरेल; भरतीला मात्र घामाघूम होऊनही समोरचं कांदळवन तेच राहील. त्यातून चांदण्यासाठी तो निवडतो पौर्णिमा, म्हणजे नेमकं उधाण, ओढ सर्वांत जास्त. अष्टमीच्या भांगाला पाणी खरंच संथ असतं, पण तेव्हा चंद्र अर्धाच, आणि अर्ध्या चंद्राचे फोटो कोण काढणार? जेवणासाठी त्याने हेरलेल्या काठावर ऊन खात पडायची सवय मगरींनाही आहे, ही वेगळीच पंगत. वरून कोयनेचं पाणी वीज करून याच नदीत उतरतं, ते त्याच्या तक्त्याला विचारून नव्हे.

यावर कोणी म्हणेल, भरतीच्या वेळा हल्ली मोबाइलवर मिळतात. मिळतात, पण त्या बहुधा बंदराच्या, आणि खाडीत आत शिरत भरती गोवळकोटला पोचेपर्यंत उशीर होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: असा माणूस नसेल तर जीवरक्षक जाकिटं कोण आणणार? कबूल. उत्साही मंडळी फरसाण आणतील, जाकिटं नाही. म्हणून त्याला बेतातून काढू नये. वेळापत्रकाची वही तेवढी काढून खाडीकाठच्या एखाद्या तांडेलाच्या हाती द्यावी. तो तिथीची पाऊणपट करील: अष्टमीला मुखाशी भरती सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या. तेव्हा टोप्या शिवायला टाकण्याआधी येत्या शनिवारी तिथी कोणती, एवढं कालनिर्णयात पाहून घ्या.