डेलिगेटसाहेब

आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे एएफसीची, काँग्रेस ज्या हॉटेलात भरते तिथल्या लिफ्टमध्ये सकाळी साडेसातला डेलिगेटसाहेब हमखास भेटतात. अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर, खिशावर आपल्या संघटनेचं जरीचं बोधचिन्ह, कॉलरवर पाच-सहा देशांच्या पिना, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्र उलटं फिरलेलं असेल तर साहेब आधी ते सुलट करणार, मग आपल्याकडे बघून हसणार. मनामा असो की क्वालालंपूर, बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी ब्लेझर उतरत नाही. नाश्त्याला डोसा खातानासुद्धा नाही. एकदा सांबाराचा थेंब नेमका बोधचिन्हावर पडला. साहेबांनी सोडा मागवला, लिंबू मागवलं, आणि वेटर पुसायला वाकला तर त्याचा हात बाजूला करून डाग स्वतः टिपला.

"माय फ्रेंड!" ते मला म्हणतात. वेटरलाही तेच म्हणतात आणि फिफाच्या अध्यक्षांनाही तेच. नावं लक्षात राहत नाहीत ही अडचण त्यांनी फार वर्षांपूर्वी अशी सोडवून टाकली आहे.

साहेबांचा देश कोणता ते सांगत नाही. एएफसीच्या ४७ सदस्यांपैकी नकाशात ज्यांचं नाव जागेअभावी समुद्रात छापावं लागतं, अशांपैकी कुठलाही धरा. पण मत देताना नकाशा कोणी बघत नाही. चीनची लोकसंख्या १४० कोटी, गुआमची दीड लाखाच्या आसपास. मत दोघांनाही एकेकच. एक संघटना, एक मत. साहेबांची सगळी पत या चार शब्दांवर उभी आहे. घरी क्रीडामंत्री त्यांना तास-तास बाहेरच्या बाकावर बसवतात आणि वर्तमानपत्रवाले आडनाव चुकीचं छापतात. निवडणुकीचं वर्ष उजाडलं की मात्र खंडाच्या दुसऱ्या टोकाहून फोन येतात: तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, मुलीचं लग्न कसं झालं. गुडघ्याची चौकशी सुरू झाली की साहेब ओळखतात, अर्ज भरायची मुदत जवळ आली.

शब्द देण्याच्या बाबतीत त्यांचं मन फार मोठं आहे. ते कोणालाच नाही म्हणत नाहीत. उमेदवाराच्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरायचा, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "यू नो माय हार्ट." समोरचा खूश होऊन जातो. हृदयात नेमकं काय आहे याचा मात्र साहेब ताकास तूर लागू देत नाहीत. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवारांना मिळालेल्या शब्दांची बेरीज केली तर आशियात शंभरेक देश भरतील. दुसऱ्या दिवशी पेटीतून मात्र सदस्य असतील तेवढ्याच चिठ्ठ्या निघतात. २०१३ साली क्वालालंपूरला तशा ४६च निघाल्या. बहरीनचे शेख सलमान बिन इब्राहिम अल खलिफा ३३ मतं घेऊन पहिल्याच फेरीत अध्यक्ष झाले. थायलंडच्या उमेदवाराला ७ मिळाली, संयुक्त अरब अमिरातीच्या ६. हरलेल्या दोघांनाही साहेब संध्याकाळी कडकडून भेटले असणार, आणि दोघांनाही म्हणाले असणार, "यू नो माय हार्ट."

त्यानंतर २०१५, २०१९ आणि २०२३ साली शेखसाहेबांसमोर शेवटी कोणी उरलंच नाही, त्यामुळे टाळ्यांवर काम भागलं. टाळ्या वाजवण्यातही साहेबांचं एक शास्त्र आहे. सुरुवात पहिल्यांदा आपण करायची नाही, उगाच डोळ्यावर येतं. आणि थांबायचं तर पहिल्यांदा मुळीच नाही, ते तर फारच डोळ्यावर येतं. उभं राहायची वेळ आली की आधी पुढच्या दोन रांगा उठू द्यायच्या.

सभेचा क्रम त्यांना तोंडपाठ आहे. हजेरी, गणपूर्ती, कार्यक्रमपत्रिकेला मंजुरी, मतमोजणीवर देखरेख करणाऱ्यांची नेमणूक, मागच्या सभेचं इतिवृत्त, अध्यक्षांचं भाषण, कामाचा अहवाल, हिशेब, अंदाजपत्रक, घटनादुरुस्ती, निवडणूक. आपल्याकडे साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला इथे काही नवं वाटणार नाही. तिकडे शेतकरी "मंजूर, मंजूर" असा एकच गजर करतात, इथे हात वर होतात, एवढाच फरक. साहेबांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे हजेरी. देशाचं नाव पुकारलं की ते पाठीचा कणा ताठ करून असं "प्रेझेंट" म्हणतात की दुभाषाही दचकतो. काही वर्षांपूर्वी मतमोजणीवर देखरेखीसाठी त्यांची नेमणूक झाली होती. पेटीजवळ उभं राहून काढलेला तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि फोनमध्येही आहे. तो दाखवण्यासाठी त्यांना कसलंही निमित्त चालतं.

भाषणं सुरू झाली की ते हेडफोन चढवतात. एका चॅनेलवर इंग्रजी, दुसऱ्यावर अरबी, पुढे आणखी काही. साहेबांना अरबीचं अक्षर येत नाही, तरी अधूनमधून ते अरबीच लावतात. विचारलं तर म्हणाले, "इंग्रजीत अंदाजपत्रक फार लांबतं." मग हळूच खिशातून दुसऱ्या कुठल्या तरी सार्वभौम राष्ट्राने भेट दिलेला पेनंट काढून त्याच्या झालरी विंचरत बसतात. येताना त्यांची अर्धी बॅग पेनंट, की-चेन आणि टायपिनांनी भरलेली असते. जाताना पूर्ण.

त्यांना खरी आस असते ती समितीची. स्पर्धा समिती, पंच समिती, वैद्यकीय समिती, कुठलीही. 'सदस्य' चालतं, 'उपाध्यक्ष' असेल तर सोन्याहून पिवळं. व्हिजिटिंग कार्डावर एक ओळ रिकामी ठेवलेली मी पाहिली आहे. काही सांगता येत नाही, म्हणून.

माजी खेळाडू त्यांना मनापासून आवडतात, विशेषतः फोटोत. मत द्यायची वेळ आली की गणित वेगळं. मनामाला मे २०१७मध्ये फिफा कौन्सिलच्या महिलांच्या जागेसाठी मोया डॉड उभ्या होत्या. ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या, पेशाने वकील, महिला फुटबॉलसाठी फिफाच्या बैठकांत भांडलेल्या बाई. त्या १७ विरुद्ध २७ अशा हरल्या. जिंकलेल्या उमेदवाराला बीबीसीने सहज विचारलं, सध्याचे महिला विश्वविजेते कोण? आधी कोरिया, मग जपान, मग अमेरिका, अशी उत्तरं आली. शेवटचं बरोबर होतं. मी साहेबांना विचारलं, हे कसं झालं? "माय फ्रेंड," ते म्हणाले, "तिसऱ्या प्रयत्नात गोल झाला तरी तो गोलच."

आपल्याकडेही २०२२ साली भारतीय महासंघाच्या निवडणुकीत बायचुंग भूतियाला एकूण एक मत पडलं. कल्याण चौबेंना ३३. एक अस्सल स्ट्रायकर, दुसरे जुने गोलकीपर. साहेबांनी मान डोलावली. "गोल मारणारा हरला, अडवणारा निवडून आला. काँग्रेसचा गाभा तुम्हाला घरबसल्या कळला की हो!" मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही.

पण याच साहेबांनी, आणि त्यांच्यासारख्या इतर जवळजवळ सगळ्यांनी, एकदा गोव्यात चक्क नाही म्हटलं होतं. २७ सप्टेंबर २०१६. फिफा कौन्सिलच्या तीन जागांसाठी खास काँग्रेस बोलावलेली. यजमान आपला भारतीय महासंघ, अध्यक्ष तेव्हा गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. फिफाचे नवे अध्यक्ष इन्फान्टिनो समोर हजर. आणि मतदानाच्या तोंडावर फिफाने कतारच्या उमेदवाराला निवडणुकीतून बाद केलं. सभागृह बिथरलं. निवडणूक रोखायची तर कशी? साहेबांच्या जमातीला घटना पाठ असते, तिचा उपयोग त्या दिवशी झाला. कार्यक्रमपत्रिका मंजुरीला आली, आणि एरवी जे हात सवयीने होकारासाठी वर जातात त्यांनी ती पत्रिकाच फेटाळली. ४२ विरुद्ध १. पत्रिका नाही म्हणजे निवडणूक नाही, निवडणूक नाही म्हणजे सभाच नाही. सगळा कारभार २७ मिनिटांत आटोपला. फुटबॉलचा एक हाफसुद्धा ४५ मिनिटांचा असतो.

पश्चिम आशियापासून प्रशांत महासागरापर्यंतची माणसं विमानं बदलत, झोपा मोडत गोव्याला आली आणि पंख्याखाली घाम वाळायच्या आत मोकळी झाली. त्याच दिवसांत फातोर्डा आणि बांबोळीला सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा चालू होती. पुढे ती इराकने जिंकली. आपल्या खंडाचं फुटबॉल त्या आठवड्यात कुठे चाललं होतं, हे विचारलं तर मी बांबोळीकडे बोट दाखवेन. साहेबांना मात्र तो दिवस अजून साजरा वाटतो. "आम्ही आशियाचा स्वाभिमान दाखवला," असं ते म्हणतात. तुम्ही आधी हात वर केलात की शेजाऱ्याचा बघून, असं विचारलं की त्यांना एकदम बुफेची आठवण होते. आणि ते एक मत कोणाचं होतं, हे विचारलं तर दर वेळी नुसते मिशीत हसतात.

आता तुम्ही म्हणाल, असला माणूस तुम्हाला आवडतो तरी का? तर ऐका. एका काँग्रेसमध्ये हिशेबाचा विषय चालू होता, मोठमोठे आकडे पडद्यावर सरकत होते, आणि साहेब टेबलाखाली वाकून फोनवर कुजबुजत होते. मला वाटलं, कुठल्या तरी समितीचं जमवतायत. जवळ सरकून कान दिला तर, "डिझेल आणलं का? नाही म्हणजे? सात वाजता मुलींची मॅच आहे! माझ्या गाडीतलं काढ. हो, माझ्या गाडीतलं." जनरेटर चालला नाही तर त्यांच्या मैदानावरचे दिवे लागत नाहीत. देशात फ्लडलाइटचं मैदान बहुधा तेवढं एकच. त्या दिवशी चौदा वर्षांखालील मुलींचा सामना होता. फोन ठेवून त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला आणि हिशेबाला हात वर केला.

ते मैदान म्हणजे साहेबांचा जीव. फिफाचा 'फॉरवर्ड' नावाचा निधी आहे. २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, जर्मनीला तेवढेच आणि साहेबांच्या देशालाही तेवढेच. हा पैसा जगभर सगळीकडे गवतापर्यंत पोचतो असं नाही, काही ठिकाणी तो वाटेतच मुरतो, आणि ज्या सभेने जाब विचारायचा ती हात वर करण्यात गुंतलेली असते. हा दोष साहेबांच्या पदरात घालायलाच हवा, आणि मी तो घालतो. पण साहेबांच्या गावी मैदान झालं, हेही खरं. आधी तिथे पाऊस पडला की आठवडाभर बेडकं खेळायची. आता कृत्रिम गवत आहे, जाळीचं कुंपण आहे, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आहे. त्या खोलीला आतून कडी लावली ती साहेबांनी स्वतः, कारण ठेकेदार विसरला होता. कुठल्या ठरावाला आपण हात वर केला हे त्यांना रात्री आठवत नाही. त्या कडीला किती स्क्रू लागले ते आठवतं. चार.

एएफसीच्या अध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२७ची आहे. गुडघ्याची चौकशी करणारे फोन सुरू होतीलच. तुम्हाला कधी एखाद्या हॉटेलच्या लॉबीत हे साहेब भेटले तर मत कोणाला, असं मात्र विचारू नका. ते तुमचे दोन्ही हात धरतील आणि तुम्ही खूश होऊन परताल. मैदानाचे फोटो दाखवा म्हणा. आणि तासभर सवड काढून बसा, कारण गवताच्या आधी ड्रेनेजचे फोटो येतात.