तिकडं काय काम हाय?

परभणी जिल्ह्यातल्या झरीच्या शिवारात उभं राहून चहूकडं पाहिलं तर नजर कुठं अडत नाही. काळं रान, बांधावरची लिंबाची झाडं, मधूनच एखादा आखाडा, म्हणजे रानातली वस्ती. डोंगर पाहायचा तर थेट जिंतूरपर्यंत जावं लागतं. मराठीतली भटकंतीची वर्णनं वाढली ती सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. कडे, सुळके, दोर आणि दरीतलं धुकं ही त्यांची इस्टेट. जिथं सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी, तिथल्या पोरांनी साहस करायचं तरी कशावर? निसर्गानं आमच्या वाट्याला उंची दिली नाही हे खरं. त्याची भरपाई म्हणून की काय, ऋतू मात्र जालीम दिले. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीचा पारा २ अंशांवर उतरला होता आणि मे महिन्यात तोच पारा बिनदिक्कत ४५ च्या घरात जाऊन बसतो. कळसूबाई १६४६ मीटर असेल, पण ही त्रेचाळीस अंशांची चढण आम्ही दर वर्षी जागच्या जागी उभं राहून चढतो आणि पुढच्या थंडीत निमूट खाली उतरतो. शिखरावर झेंडा लावावा असं मात्र कुणालाही वाटत नाही.

पण खरी अडचण उंचीची नव्हती, निमित्ताची होती. शेतकऱ्याच्या घरातून बिनकामाचं बाहेर पडणं ही सोपी गोष्ट नव्हे. चपला पायात सरकवायच्या आत ओट्यावरून आजीचा आवाज यायचा, "कुठं जायलाव रे?" "येलदरीला." "तिकडं काय काम हाय?" या प्रश्नापुढं भलेभले गिर्यारोहक गारद झाले असते. एव्हरेस्टवर कशाला जाता, असं मॅलरीला विचारलं तेव्हा 'तो तिथं आहे म्हणून' असं त्यानं सांगितलं, असं म्हणतात. आमच्या आजीनं त्याला तिथंच बसवलं असतं. "तिथं हाय ना? मग राहू दे की तिथंच. तू जेव आधी."

म्हणून प्रत्येक ऋतूला आम्ही एक भारदस्त निमित्त शोधून ठेवलं होतं. श्रावणात ते आपसूक मिळे. देवाला जातो म्हटलं की आजीच्या हातून वर दहा रुपये पडत. आमच्यात जैन एकही नव्हता, तरी जिंतूरजवळच्या नेमगिरीवर आमची श्रद्धा अचानक उचंबळून येई. तिथल्या गुहांची दारं अशी ठेंगणी, की आत जायचं तर अंग पार दुमडून घ्यावं लागतं. वाकायची सवय नसलेला आमच्यातला एक पैलवान दर वेळी चौकटीवर कपाळ आपटून मगच नम्र होई. आत पार्श्वनाथाची ती प्रचंड मूर्ती, एका लहानशा दगडावर टेकून जवळजवळ अधांतरी. ओल्या कपड्यांनी आम्ही तिच्यासमोर गप्प उभे राहायचो. एवढा भार इतक्या थोड्या आधारावर कसा पेलतो, हे कोडं तेव्हा फक्त दगडाचं वाटायचं.

येलदरीचं निमित्त धरणच पुरवी. दरवाजे उघडल्याची बातमी आली की सारा जिल्हा पूर्णेचं पाणी बघायला निघतो. त्या दिवशी कुणाला काम विचारायचं भान नसतं. परभणी-जिंतूर रस्त्याचं काम कैक वर्षं रखडलेलं, त्यामुळं निम्मं साहस जाता-येताच उरकत असे. उरलेलं निम्मं घराजवळच्या पांदीत. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग माणसाला सोडायला तयार होत नाही. पावलागणिक चपलेला एक थर चढतो, थोड्या अंतरात माणूस चार बोटं उंच होतो आणि उंची गाठल्याच्या आनंदात असतानाच चपलेचा अंगठा तुटतो. उन्हाळ्यात तीच माती आटून अशी तडकते, की भेगेत पडलेलं आठ आण्याचं नाणं काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागे. ते सहसा मिळत नसे. झरीच्या रानात माझी बरीच गुंतवणूक अशी पडून आहे.

हिवाळ्याचं निमित्त रानराखणीचं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं येतात, मग पाखरं हाकलायला आम्ही, आणि पाखरांनी खाल्ली नसती एवढी कणसं आमच्याच पोटात. आखाड्यावर पहाटे आगटी पेटे. गवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेलं कणीस बाहेर काढून तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायचं आणि हिरवट, वाफाळते दाणे जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. तळहात भाजत, पाठ गारठलेली असे. शरीराच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन वेगळे ऋतू चालू. घोंगडीत एकाच्या जागेत तिघं शिरलेले असत. पुढं आयुष्यात स्वतंत्र खोल्या मिळाल्या, पण तशी ऊब काही मिळाली नाही.

उन्हाळा विहिरीचा. पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकायचं आणि डबा सुटला की थारोळ्यावरून मुटका मारायचा. विहिरीच्या उडीत एक गंमत आहे. चैत्रात पाणी वर असतं तेव्हा उडी बेताची असते. वैशाखात पाणी तळाकडं जातं आणि आम्ही त्याच थारोळ्यावर उभे असताना, अंगात तसूभर धैर्य न वाढता, उडी मात्र दुप्पट होते. जिवाची भीती आणि दुष्काळाची भीती एकाच वेळी मोजणारं असं माप दुसरं पाहिलं नाही. ज्या साली पाऊस रुसला, त्या साली विहिरीत उडी मारण्याजोगं काही उरलंच नाही. आम्ही काठावर पाय सोडून बसलो. तळाच्या डबक्यात घागर बुडवायला वडील मंडळी उतरत होती, आणि वर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

आता आम्ही पांगलो. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादेत. पुण्यातला एक जण पैसे भरून ट्रेकला जातो आणि कोकणकड्यावरचे फोटो धाडतो. पैसे भरून हुरडाही खातो, हे ऐकून दुसऱ्यानं त्याला आठवडाभर धारेवर धरलं होतं. ओट्यावरून विचारणारं कुणी उरलं नाही, तरी निमित्ताशिवाय निघायची आमची टाप नाही. दोन फेब्रुवारीला तुराबुल हक साहेबांचा उरूस असतो, म्हणून एक येतो. ई-पीक पाहणी करायचीय, म्हणून दुसरा. परवा तिसरा आला तो फेरफारासाठी. सातबाऱ्यावरून वडिलांचं नाव कमी करून स्वतःचं लावायचं होतं. तलाठ्याकडचं काम दुपारीच उरकलं, पण गडी आखाड्यावर दोन मुक्काम राहिला आणि आम्हीही आपापली कामं पुढं ढकलली. त्यानं एकट्यानं एकदा सगळे बांध फिरून घेतले. आम्ही लांबून बघत होतो.

तुम्हाला यायचं असेल तर पौषात, संक्रांतीच्या आगेमागे या, जुन्या चपला घालून. फेब्रुवारी सरत आला की दाणा टणक होतो, मग त्याची भाकरीच करावी लागते.